लाल बावट्याची पिशवी

पिशवी खांद्याला अडकवा, छत्री उघडा आणि एसटीतून उतरा. साल १९६०, जून महिना, गाव रोहा. नागोठण्याहून भिसे खिंडीतून येताना तुमचा डावा खांदा खिडकीच्या पाण्यानं भिजला आहे, पण पिशवी तुम्ही मांडीवर धरली होती, त्यामुळे आतले कागद कोरडे आहेत. कागद कोरडे असणं हे आज तुमच्या अंगापेक्षा महत्त्वाचं आहे. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम दीड महिना झालाय. कुंडलिका गढूळ होऊन वाहतेय आणि मामलेदार कचेरीच्या ओट्यावर इरली टेकवून माणसं बसली आहेत.

ही सगळी कुळं आहेत. पेरणीचे दिवस, शेतात बैल थांबलेले, आणि तारीख नेमकी आजची लागलेली. तारीख चुकली तर काय होतं ते यांना कोणी नीट सांगितलेलं नाही. ते सांगायला तुम्ही आलात.

तुम्ही शेतकरी कामगार पक्षाचे तालुक्यातले कार्यकर्ते आहात. तुमचं नाव मी लिहीत नाही, कारण तुम्ही कुणी एक नाही. पेण आणि रोह्याच्या पट्ट्यात गावोगाव असा एक माणूस होता. त्याला लोक ‘भाई’ म्हणत, पोलीस ‘लाल बावट्यावाला’ म्हणत आणि घरची माणसं काहीच म्हणत नसत, कारण तो घरी सापडत नसे. त्या सगळ्यांना मिळून मी एक पिशवी दिली आहे. पिशवी तीच राहील, साल बदललं की खांदा बदलेल, एवढंच ध्यानात ठेवा.

ओट्याच्या कोपऱ्यात एक म्हातारा एकटाच बसलाय. त्याच्या हातात चहाचा पेला आहे आणि चहा त्याला जमीनमालकाच्या कारभाऱ्यानं पाजला आहे. तुम्ही शेजारी टेकता.

“काय सांगणार आत?”

“घ्यायची नाय म्हणून सांगनार.”

“का?”

“शेट बोलला, घर माज्या जाग्यात हाय. मग घर उचल.”

आता पिशवीतून कूळकायद्याची ती मळकी प्रत काढा. १९४८चा कायदा, १९५६ची दुरुस्ती. या दुरुस्तीनं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्यानं मालक झाला असं धरायचं. वाचायला हे फार सोपं आहे. पण मागोमाग बत्तीस ग कलम येतं. न्यायाधिकरण नोटीस काढणार, कुळानं समक्ष येऊन सांगायचं की जमीन विकत घ्यायला मी तयार आहे. तो आला नाही, किंवा येऊन ‘तयार नाही’ म्हणाला, तर खरेदी रद्द ठरते आणि जमीन मालकाकडे परत जायची वाट उघडते. म्हणजे मुंबईत विधिमंडळानं दिलेली जमीन रोह्याच्या कचेरीत दोन शब्दांत जाऊ शकते. कारभारी चहा पाजतो तो या दोन शब्दांसाठी.

म्हाताऱ्याला तुम्ही सोळावं कलम वाचून दाखवता. कुळानं बांधलेल्या राहत्या घरातून त्याला उठवता येत नाही. तो ऐकतो, पण त्याचा विश्वास बसत नाही. छापलेल्या कागदावर त्यानं आयुष्यात एकदाच विश्वास ठेवला होता, तेव्हा खाली अंगठा त्याचा होता आणि जमीन दुसऱ्याची. मग तुम्ही पैशाचं सांगता. किंमत शेतसाऱ्याच्या वीस पटीपासून दोनशे पटीपर्यंत, आणि तीही वार्षिक हप्त्यांनी. साऱ्याचा आकडा तुम्ही त्याच्या सातबाऱ्यावरून आधीच उतरवून आणलाय. पेन्सिलनं गुणाकार करून दाखवता. आकडा पाहून मात्र तो पहिल्यांदा तुमच्याकडे मान वळवून बघतो. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा तो फार लहान आहे.

शिपाई नाव पुकारतो. आत तुम्हाला बोलता येत नाही, दारात उभं राहता येतं. अव्वल कारकून विचारतो, म्हातारा खाली बघतो, कारभारी खाकरतो.

“घेनार,” म्हातारा म्हणतो.

त्याचा जबाब लिहिला जातो, अंगठा उठतो, आणि तुम्ही पिशवीतल्या वहीत गावाच्या नावापुढे एक खूण करता. पक्षाच्या कुठल्याही ठरावात ही खूण येणार नाही. माझ्या मते मात्र त्या दिवशी रोह्यात पक्षानं केलेलं सगळं राजकारण एवढंच होतं, आणि ते पुरेसं होतं.

आता कचेरीच्या वळचणीला बसून पिशवी रिकामी करा. मतदार याद्या, मालकानं पीकपाहणीत ‘खुद्द’ लिहून घेतल्याच्या तक्रारी, सत्तर ब कलमाखाली कूळ ठरवून मिळावं म्हणून केलेले अर्ज, वर्गणीची पावती पुस्तकं, ‘कृषीवल’चे घडी घालून चौकोनी झालेले अंक. त्यांच्यातच वाण्याच्या उधारीची चिठ्ठी, मुलाच्या शाळेची फी भरा म्हणून आलेलं पत्र, मेव्हण्याच्या लग्नाची पत्रिका. पत्रिकेच्या पाठीवर तुमच्याच अक्षरात खाडीकाठच्या खारेपाटातल्या गावांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे सभेची वेळ. लग्नाला तुम्ही गेला नव्हता. राजकीय कागद कुठला आणि घरगुती कुठला हे वेगळं करायचा प्रयत्न पुढे एखादा अभ्यासक करील आणि हात टेकील.

पिशवीच्या तळाशी एक जुना, चुरा होत आलेला कागद आहे. ती कबुलायत आहे, जमीन कसण्यासाठी कुळानं लिहून दिलेला करार. ती हातात धरा आणि मागे चला.

२५ डिसेंबर १९३०. पेण तालुका. शेतकरी परिषद भरली आहे. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा आहे. ते रायगड व्हायला १९८१ साल उजाडावं लागेल. मंचावर शेतकऱ्यांचे पुढारी नारायण नागू पाटील आहेत आणि भाई अनंतराव चित्रे आहेत. हे तेच चित्रे, जे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांच्या बरोबर होते. खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, मोडून काढण्यासाठी इथं २८ मागण्या मंजूर होतात. तुमच्या खांद्याला पिशवी आता नवीकोरी आहे आणि तीत जवळजवळ काहीच नाही, कारण तुमच्या माणसांकडे कागदच नाहीत.

खोतीची खरी मेख इथं आहे. कूळ पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसतो, पण कबुलायत अकरा महिन्यांची. बाराव्या महिन्यात तो कोणीच नसतो. भात खोताच्या खळ्यावर मोजलं जातं, माप खोताचं, मोजणारा खोताचा, आणि दिल्याची पावती नाही. दुष्काळात राहिलेली बाकी वाढीदिढीनं वाढत जाते, तिचा हिशेब एका बाजूच्या वहीत असतो. बांधावर कुळानं लावलेल्या झाडाचं फळही खोताचं. खारेपाटात तर आणखी एक जाच. समुद्राचं उधाण थोपवायला बांध घालायचा कुळांनी, खांड गेली तर रात्री चिखलात उभं राहून ती बुजवायची कुळांनी, आणि गोडी झालेली जमीन कोणाची हे विचारलं की वही उघडायची खोतानं.

म्हणून तुम्ही १९३० सालच्या त्या गर्दीत बसून पहिलं काम सुरू करता ते लिहिण्याचं. कोण किती वर्षं कसतोय, किती भात घातलं, साक्षीदार कोण. लोक बिचकत सांगतात. एक आगरी बाई पदराआडून म्हणते, “लिव, पन नाव नको लिवू.” तुम्ही तिचं नाव लिहीत नाही, नुसतं शेत लिहिता. मागण्या मंचावर मंजूर होत असतात, टाळ्या पडत असतात, आणि पुढच्या तीस वर्षांचा पुरावा तुमच्या मांडीवर ओळीओळीनं जमत असतो. भाषणांचं वृत्त वर्तमानपत्रांनी छापलं. मांडीवरचे हे कागद कोणी जपले नाहीत.

१९३३च्या २७ ऑक्टोबरला तुम्ही पेणहून वडखळवरून अलिबागच्या रस्त्यानं चालत चरीला पोचता. आज संपाची घोषणा आहे. गिरणी कामगारांचा संप सगळ्यांना माहीत, पण शेतकऱ्यानं शेत पेरायचं नाही म्हणजे काय? पेरलं नाही तर खोताला अर्धा वाटा नाही, हे खरं. पण कुळाला उरलेला अर्धाही नाही. पंचवीस गावं हे करायला उठली आहेत. आणि हे सहा वर्षं चालणार आहे, १९३९ पर्यंत. त्या दिवशी हे कोणालाच माहीत नाही, तुम्ही वगळता. सांगू नका. सांगितलंत तर कदाचित कोणी उठणार नाही.

पिशवीत आता वेगळेच कागद येतात. कोणत्या घरात दाणा संपला. कोणाचा मुलगा मुंबईला गिरणीत लागला आणि किती पाठवतो. जंगलातली लाकडं तोडून विकली त्याचे पैसे. खाडीत चिंबोऱ्या, मासळी धरून कोणी किती दिवस काढले. संपाच्या समितीचा जमाखर्च बघितलात तर त्यात ‘जमा’ची बाजू जवळपास कोरी आहे. मधूनच मनाई हुकूम. अमुक माणसानं अमुक तालुक्यात भाषण करू नये. तो हुकूमही तुम्ही पिशवीत ठेवता, कारण सरकारनं तुम्हाला पाठवलेला कागद हा तुम्ही अस्तित्वात असल्याचा पक्का पुरावा असतो. विनोद सोडा, पण हे पुढे शब्दशः खरं ठरलं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचा पुराभिलेख आहे. तिथं गृहखात्याच्या विशेष शाखेच्या फायली आहेत. चळवळीतल्या माणसांची हालचाल, भाषणं, कोण कोणाला भेटलं, हे त्यांत सापडतं. म्हणजे तुमचं चरित्र उरलं, पण पोलिसांच्या अक्षरात. तुमच्या अक्षरातलं घरच्या माळ्यावर राहिलं.

१९३४ साली बाबासाहेब चरीला येऊन गेले. १९३७ साली नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ काढलं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. आणि १० जानेवारी १९३८ला तुम्हाला मुंबईला जायचं आहे.

ही फेरी चुकवू नका. कोकणातून हजारो शेतकरी निघाले आहेत. मोर्चाचा आकडा पंचवीस हजार सांगतात. पेणहून मुंबईला रेल्वे नाही, ती आपट्यापासून रोह्यापर्यंत यायला १९८६ साल लागेल. खाडी आणि बोट हीच वाट. धक्क्यावर तुमच्या हातात यादी आहे: कोण आला, कोणाकडे भाड्याचे पैसे, कोणाचे आपण भरायचे. कित्येकांनी भाकरी फडक्यात बांधली आहे, कित्येकांनी समुद्र ओलांडून मुंबई कधी पाहिलेली नाही. बोटीत कुणीतरी गाणं सुरू करतं, कुणीतरी ओकतं. मुंबईत कौन्सिल हॉलच्या दिशेनं रांग निघते तेव्हा तुमचं लक्ष मोर्चाच्या पुढच्या टोकाकडे नाही. पुढे बाबासाहेब आहेत, शामराव परुळेकर आहेत, इंदुलाल याज्ञिक आहेत. ते मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेरांना भेटतील, त्याची बातमी होईल. तुम्ही मागून डोकी मोजताय. आणलेली सगळी माणसं परत बोटीत चढली पाहिजेत. संघटकाचं हेच असतं: इतिहास घडत असताना तो यादी तपासत असतो.

१९३९ साली कूळकायदा आला, संरक्षित कूळ हा प्रकार आला, संप मिटला. तो कायदा सगळ्या जिल्ह्यांना लागू व्हायला आणखी काही वर्षं गेली. १९४७ साली शेतकरी कामगार पक्षाची, म्हणजे शेकापची, स्थापना झाली, १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला. दाभाडीचा ठराव, मार्क्सवाद, पक्षातली फाटाफूट या गोष्टींवर पुस्तकं आहेत, तिथं मी तुम्हाला थांबवत नाही. पिशवीत त्या ठरावाची एक प्रत आहे खरी. तिच्या समासात तुम्ही मिठाच्या पोत्यांचा हिशेब केलाय.

१९५७च्या निवडणुकीत मात्र एक दिवस राहा. पेण. चिंतामणराव देशमुख, ज्यांचं घराणं रोह्याचं, १९५२ साली काँग्रेसकडून कुलाब्यातून लोकसभेवर गेले होते; मुंबई महाराष्ट्राला द्यावी या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडलं. काँग्रेसच्या माणसानंच आपली बाजू घेतल्यावर खारेपाटात संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभा तापवायला तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही. करावं लागतं ते वेगळंच. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर चिन्ह, आणि मतदारानं आडोशाला जाऊन आपला कागद आपल्या पेटीत टाकायचा. तुम्ही रात्री कंदिलाच्या उजेडात दोन खोकी मांडून बायकांना शिकवताय. एका खोक्यावर खडूनं खटारा काढलाय. चित्र बेताचं आहे, चाकं अंड्यासारखी झाली आहेत. एक म्हातारी कागद घेते, दोन्ही खोक्यांकडे बघते आणि तो कनवटीला लावून घरी निघते. सगळे हसतात. कागद हातात आला की तो देऊन टाकायचा नसतो, हे तिला इतकी वर्षं तुम्हीच सांगत आला आहात.

त्या रात्री घरी या. पेणच्या दमट हवेत कागद सादळतात, कसर लागते, वाळवी तर भिंतीतूनच येते. तुम्ही गावोगाव फिरता तेव्हा या गठ्ठ्यांत कडुनिंबाचा पाला कोण घालतं? पावसाळ्याआधी ते अंगणात उन्हाला कोण टाकतं? तुमची बायको. तिला वाचता येत नाही, पण कुठल्या फडक्यात कोणत्या गावाचे दावे आहेत हे तिला ठाऊक असतं. तुम्ही तुरुंगात असताना वकिलाचा माणूस आला तर योग्य गठ्ठा तीच काढून देते. पक्षाच्या सभासद नोंदणीत तिचं नाव नाही. या दप्तरखान्याची दप्तरदार ती होती असं मी म्हणतो, आणि कार्ल मार्क्सचे कागद ज्या आम्स्टरडॅमच्या संस्थेत तापमान सांभाळून ठेवले आहेत, तिथल्या दप्तरदारांपेक्षा तिचं काम सोपं नव्हतं.

१९७५चा जून. आणीबाणी. आता पिशवी जड आहे आणि धोक्याची आहे. सभासदांची नावं, पत्ते, वर्गणीच्या नोंदी. काय जाळायचं? चुलीपुढे बसून तुम्ही एकेक कागद बघता. पत्रकं जातात. बैठकीची इतिवृत्तं जातात. पक्षाच्या मोठ्या पुढाऱ्याची पत्रं, ज्यांसाठी पुढे एखादा संशोधक जीव टाकेल, तीही जातात. कुळांच्या पावत्या, बत्तीस म कलमाखालच्या खरेदी दाखल्यांच्या नकला मात्र तुम्ही भाताच्या कणगीत खाली सरकवता. दोन वर्षांनी दि. बा. पाटील शेकापचे खासदार म्हणून कुलाब्यातून निवडून येतात तेव्हा गुलालानं माखलेल्या तुमच्याकडे पक्षाच्या इतिहासाचा जवळजवळ एकही कागद उरलेला नसतो, आणि गावातल्या प्रत्येक सातबाऱ्याचा असतो. मला ही निवड बरोबर वाटते. इतिहासकारांना वाटणार नाही.

शेवटची उडी मोठी आहे. २००८, सप्टेंबरची २१ तारीख, पेण तालुका. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, रायगडातली हजारो हेक्टर जमीन संपादन करायची अधिसूचना निघाली आहे. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत आज सरकार शेतकऱ्यांचा कौल घेतंय: जमीन द्यायची की नाही. देशात असं याआधी झालेलं नव्हतं. शेकापचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील उतारवयातही गावोगाव फिरले आहेत, जमीन हक्कांसाठी लढणाऱ्या उल्का महाजनांच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या आहेत. तुमच्या खांद्यावरची पिशवी आता रेक्झिनची आहे, आत झेरॉक्सच्या प्रती आहेत आणि मोबाईल सारखा वाजतोय.

केंद्रावर रांग आहे. ओळख पटवायला तुमच्या शेजारच्या बाईनं सातबारा आणलाय, मधल्या घडीवर फाटून चिकटपट्टी लावलेला, आणि त्याला टाचणीनं जोडलेला सासऱ्याच्या नावाचा जुना खरेदी दाखला.

“हा कशाला आणला?” तुम्ही विचारता. “आज हा कोणी मागणार नाही.”

“मागला तं?” ती म्हणते, आणि दोन्ही कागद छातीशी धरून रांगेत पुढे सरकते.

संध्याकाळपर्यंत केंद्रांवरून येणारी कुजबुज एकाच बाजूची आहे. ते संपादन पुढे बारगळलं. तुम्ही त्या संध्याकाळी गावांची यादी काढता, कोणत्या केंद्रावर कोण बसलं होतं, किती माणसं आली, कोणाला नावात चूक म्हणून परत पाठवलं, ते लिहून काढता. परत पाठवलेल्यांसाठी उद्या तहसील कचेरीत जायचं आहे. अर्ज आजच करून ठेवलेला बरा.